आत्म्यांची इयत्ता

संपादकांनी यंदा ‘पैलतीर’ हा विषय दिला आणि फोनवरच बजावलं, ‘‘कोकणातली भुतं नकोत. ती दर वर्षी येतात.’’ मुंजा, हडळ, समंध, खवीस ही आपली मंडळी खरंच दर दिवाळीला हजेरी लावून जातात. त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती सुधारत नाहीत. मुंजा पिंपळावर बसला की बसला. नारळ द्या, उतारा टाका, तो फार तर पिंपळ बदलेल. स्वभाव बदलायचा नाही. पुरलेल्या धनावर बसलेल्या समंधाने शे-दोनशे वर्षं काढली तरी त्याची हाव तसूभर कमी होत नाही.

भुतंही शिकतात, पस्तावतात, वरच्या वर्गात जातात, असं मानणारा एक पंथ मात्र आहे. जन्म फ्रान्समधला, वाढला ब्राझीलमध्ये. नाव स्पिरिटिझम; ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये एस्पिरितिझ्मो. तिथल्या २०१० च्या जनगणनेत ३८ लाखांहून अधिक लोकांनी, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी, हा आपला धर्म म्हणून सांगितला. रविवारी चर्चमध्ये आणि मधल्या वारी इकडे, असे दोन्ही घरचे पाहुणे त्या आकड्यात धरलेले नाहीत. ते पुष्कळ आहेत.

ना मूर्ती, ना मेणबत्ती

साओ पाउलोतल्या एका मध्यमवर्गीय वस्तीतल्या या पंथाच्या केंद्रात संध्याकाळी सातच्या सुमारास पोहोचलो. सोबत दुभाषी म्हणून तिथेच स्थायिक झालेला, मूळ मडगावकडचा एक तरुण होता. तो कॅथलिक. फाटकाशी त्याने छातीवर क्रूस काढला आणि वर मला म्हणाला, ‘‘आईला सांगू नका.’’

आत भीतीदायक असं काहीच नव्हतं. ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. आपल्याकडच्या वाचनालयाच्या व्याख्यानाला येतात तशीच माणसं, साठीच्या पुढची बरीच, बायका जास्त. ना देव्हारा, ना मूर्ती, ना फुलं, ना धूप. एका कडेला जुन्या पुस्तकांची विक्री. दुसऱ्या कडेला टेबलावर पाण्याच्या बाटल्या, झाकणं सैल केलेली, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. सभा चालू असताना सज्जन आत्मे त्या पाण्यात गुण उतरवतात, अशी श्रद्धा. आपल्याकडे अंगाऱ्याचं पाणी देतात त्याचाच हा नातलग म्हणायचा, पण तसं म्हटलेलं तिथे कोणाला आवडलं नसतं. आमच्यात कर्मकांड नाही, हे तिथे पहिल्या पाच मिनिटांत ऐकवलं जातं.

अर्धा-पाऊण तास प्रवचन झालं. विषय क्षमा. प्रवचनकार साध्या शर्टातला, हातात टिपणांचा कागद. मग क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन लोक शेजारच्या मंद उजेडाच्या खोलीत गेले. तिथे ‘पास्से’ देतात. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसायचं; समोरचा स्वयंसेवक तुमच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवतो, स्पर्श न करता. मिनिटभरात पुढचा क्रमांक. मीही बसलो. एवढंच जाणवलं, की दिवसभराच्या चालण्याने पाय दुखत होते.

पैसे कोणी घेत नाही. जे फुकट मिळालं ते फुकट द्यावं, हा नियम इतका कडक आहे की दक्षिणा मागणारा माध्यम, म्हणजे ज्याच्या तोंडून आत्मे बोलतात तो, दिसला की भोंदू समजावा, असं इथली पोरंही सांगतील.

खरी वर्दळ तळघरात. शनिवारी तिथे रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी सूप शिजतं. भोपळा, गाजर, बटाटा चिरायला वीसेक माणसं लागतात. एका खोलीत गरीब गरोदर बायकांसाठी बाळंतविड्याचे संच शिवून, घडी घालून ठेवलेले. या सगळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना मी विचारलं, आत्म्यांचा आणि बटाट्यांचा संबंध काय? त्यांनी मला सोलाणं दिलं आणि म्हणाल्या, ‘‘हात चालू द्या, सांगते.’’

लिओंचा मास्तर

त्यांनी सांगितलं ते समजायला आधी एका फ्रेंच मास्तरांची ओळख हवी. इपोलित लेओं दनिझार रिव्हाय, जन्म १८०४, गाव लिओं. शिकले स्वित्झर्लंडमधल्या इव्हेर्दोंला, पेस्टालोझी या नामांकित शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत. पुढे पॅरिसमध्ये शिकवलं, अंकगणिताची, व्याकरणाची पाठ्यपुस्तकं लिहिली. पत्नी आमेली बूदे, त्याही शिक्षिका. पन्नाशीपर्यंत या गृहस्थांच्या आयुष्यात भूत नव्हतं.

तेव्हा अमेरिकेतून आलेलं एक खूळ पॅरिसच्या दिवाणखान्यांत शिरलं होतं. लोक टेबलाभोवती बसून हात ठेवत, टेबल हले, ठोके देई, ठोक्यांवरून अक्षरं जुळवत. १८५५ मध्ये रिव्हाय अशा बैठकीला गेले. बाकीचे विचारत होते, माझं लग्न कधी जमेल, हरवलेली अंगठी कुठे आहे. मास्तरांनी वही काढली आणि प्रश्नपत्रिका तयार केली. ईश्वर म्हणजे काय? आत्मा कुठून येतो? दुष्टपणा कुठून येतो? ठोक्यांनी वेळ फार जातो म्हणून टोपलीला पेन्सिल अडकवून लिहून घेण्याची सोय झाली, नंतर माध्यम थेट हातानेच लिहू लागले. एकाच्या हातून आलेलं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहायचं, हा त्यांचा दंडक. मास्तर उत्तरपत्रिका तपासतात, तसंच ते.

१८ एप्रिल १८५७ रोजी ‘आत्म्यांचा ग्रंथ’ प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांपासून वेगळं नाव हवं म्हणून लेखकाने अलां कार्देक हे नाव घेतलं. मागच्या एका जन्मी आपण याच नावाचे केल्टिक पुरोहित होतो, असं त्यांना एका आत्म्याने सांगितलं होतं. पहिल्या आवृत्तीत ५०१ प्रश्न होते. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ते १०१९ झाले. दुसऱ्याच वर्षी बार्सिलोनात बिशपच्या हुकमावरून या पंथाच्या ३०० पुस्तकांची होळी झाली. जाहिरात म्हणून याहून चांगलं काही झालं नसतं.

पॅरिसच्या पेर लाशेझ कबरस्तानात कार्देक यांची समाधी आहे. मोठमोठ्या शिळांवर आडवी शिळा, खाली अर्धपुतळा. आसपास बड्या लेखक-संगीतकारांच्या कबरी असूनही ताजी फुलं सर्वांत जास्त इथे दिसतात. फुलं ठेवणाऱ्यांत पोर्तुगीज बोलणारेच अधिक.

वर चढता येतं, खाली घसरता येत नाही

आता त्या ग्रंथातलं मुख्य. ईश्वराने सर्व आत्मे सारखेच निर्माण केले, साधे आणि अडाणी. कोणी जन्मतः देवदूत नाही, कोणी जन्मतः सैतान नाही. सैतान नावाची जमातच नाही. ज्याला सैतान म्हणतात तो मागे राहिलेला विद्यार्थी. प्रत्येकाने देह घ्यायचा, ठेचा खायच्या, शिकायचं, मरायचं, मधल्या काळात झाल्या गोष्टींचा हिशेब मांडायचा, पुन्हा देह घ्यायचा. रखडता येतं, शतकानुशतकं रखडता येतं, पण कमावलेलं कमी होत नाही. मागच्या जन्मांचं स्मरण राहत नाही, हीसुद्धा सवलतच. नाहीतर आधीच्या वैऱ्याशी भाऊ म्हणून एका घरात राहणार कसं?

पुनर्जन्म म्हटल्यावर मराठी वाचक म्हणेल, यात नवं काय? नवं असं, की इथे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा नाही. माणसाचा आत्मा कुत्र्या-मांजराच्या जन्माला परत जात नाही. कार्देक यांनी ही कल्पना स्पष्ट नाकारली आहे. आणि वाटेच्या शेवटी विश्रांती नाही. शुद्ध झालेला आत्मा ईश्वराच्या कामावर रुजू होतो. आपल्याकडे मोक्ष म्हणजे सुटका, इथे बढती आणि बढतीबरोबर जास्त काम.

आत्म्यांच्या तीन श्रेणी, त्यात दहा वर्ग. तळाला दहाव्यात मलिन आत्मे, दुसऱ्याच्या वाईटावर टपलेले. नवव्यात उथळ, थट्टेखोर. आपल्याकडे एके काळी दुपारच्या वेळी वाटी पालथी घालून, अक्षरांचे कागद मांडून मुलं ‘प्लँचेट’ करत आणि टिळकांना किंवा शिवाजी महाराजांना बोलावत. कार्देक यांच्या मते तिथे येणारे बहुतेक या नवव्या वर्गातले. मोठ्या माणसाचं नाव सांगून तोंडाला येईल ते बोलायचं आणि मजा बघायची. आठव्या वर्गाबद्दल मास्तरांनी विशेष सावध केलं आहे, तो पढतमूर्खांचा. थोडं माहीत, बाकीचं ठोकून द्यायचं, भाषा भारदस्त. सातव्यात ना बरे ना वाईट, सहाव्यात भांडी आदळणारे, दारं वाजवणारे. मधल्या श्रेणीत पाचव्यापासून दुसऱ्यापर्यंत सज्जन. पाचव्यातले कनवाळू पण ज्ञान बेताचं, चौथ्यातले विद्वान, तिसऱ्यातले सुज्ञ, दुसऱ्यातल्यांत ज्ञान आणि चांगुलपणा दोन्ही. पहिल्या वर्गात शुद्ध आत्मे. त्यांना आता देह घ्यावा लागत नाही.

विद्वत्ता आणि सद्गुण या इथे दोन वेगळ्या वाटा आहेत, हे मला सगळ्यात लक्षणीय वाटलं. बुद्धी आधी वाढते, नीती मागून येते, कधी फार मागून. त्यामुळे मेलेला प्राध्यापक मेलेल्या मोलकरणीच्या खालच्या वर्गात असू शकतो. आणि मृत्यूने कोणी शहाणं होत नाही. जिवंतपणी जो खोटारडा होता तो मेल्यावरही खोटारडाच, फक्त आता दिसत नाही. तेव्हा पैलतीरावरून आलेला प्रत्येक शब्द प्रमाण मानायचा नाही. नाव काय सांगतो ते बघू नका, बोलतो कसं ते बघा. चांगला आत्मा फुशारकी मारत नाही, खुशामत करत नाही, धाक घालत नाही, आणि गुप्तधनाचा पत्ता तर मुळीच सांगत नाही.

कार्देक यांच्या १८६५ च्या ‘स्वर्ग आणि नरक’ या ग्रंथाच्या उत्तरार्धात मेलेल्यांच्या जबान्या आहेत. त्यात झाक लातूर नावाचा खुनी आहे. १८६४ मध्ये त्याला देहदंड झाला आणि लवकरच ब्रसेल्समधल्या एका बैठकीत तो ‘आला’. जल्लाद नाही, उकळत्या तेलाची कढई नाही. ज्यांना मारलं त्यांचे चेहरे समोरून हलत नाहीत, एवढाच त्याचा नरक. तो बैठकीतल्यांकडे प्रार्थनेची भीक मागतो. पश्चात्ताप झाला, म्हणजे सुटला? तसंही नाही. पश्चात्ताप ही पहिली पायरी, मग भोगणं, मग नुकसान भरून काढणं. तिसरी गोष्ट केल्याशिवाय वर्ग बदलत नाही, आणि ती करायला पुन्हा पृथ्वीवर यावं लागतं. बाईंनी बटाटे याच रकान्यात बसवले. ‘‘कोण कोणाचं काय देणं लागतं ते आठवत नाही ना? मग समोर येईल त्याला वाढायचं.’’

बंद खोलीतलं संभाषण

आठवड्यातून एकदा वरच्या मजल्यावर बैठक बसते, तिथे बाहेरच्याला प्रवेश नाही. तिला ‘देझोबसेसांव’ म्हणतात. पछाडलेल्याला सोडवणं म्हणा. पछाडलेला माणूस बहुधा हजरही नसतो. मला जायला मिळालं नाही. बाई तिथे पुष्कळ वर्षं बसताहेत, त्यांनी सांगितलं ते असं.

लांब टेबल, भोवती दहा-बारा जण, दिवा मंद. दिवसभर हलकं जेवण, दारू-सिगारेट वर्ज्य, वेळेवर दार बंद. उशिरा आलेला माध्यम असला तरी परत जातो. आधी वाचन, प्रार्थना. मग एखाद्या माध्यमाच्या तोंडून कोणी बोलू लागतं. बोलणारा भला असेल तर दोन शब्दांत आशीर्वाद देऊन जातो. वेळ जातो तो दुखावलेल्यांना. त्यांच्याशी बोलायला एक माणूस नेमलेला असतो, बाकीचे मनात प्रार्थना करतात. त्याच्या हातात ना वेताची काठी, ना मिरचीची धुरी, ना मंत्र. आलेल्याला तो ‘इर्मांव’ म्हणतो, भाऊ.

एकदा एक शेतकरी आला. सख्ख्या भावाने बांध सरकवला, खोटे कागद केले, त्याच झुरणीत हा गेला. आता भावाच्या मुलाला रात्री झोपू देत नव्हता. आपण मेलो आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. तसं सांगायचं नसतं, बाई म्हणाल्या, लोक घाबरतात. विचारायचं, तहान लागली आहे का, दुखतं कुठे, घरचे तुझ्याशी बोलतात का? ‘‘तो म्हणाला, कोणी बोलत नाही, ताट वाढत नाहीत. मग आम्ही विचारलं, का बरं वाढत नसतील? तो गप्प झाला.’’ पुढे काही आठवडे तो येत राहिला. जमीन मिळणार नव्हती. त्याचं म्हणणं ऐकून घेणारं कोणी त्याला मिळालं. शेवटी त्याची मेलेली आई त्याला न्यायला आली.

हे खरोखर घडतं का, की माध्यमाच्या मनातलंच बाहेर येतं? मानसशास्त्रज्ञ दुसरं म्हणतील, आणि माझाही कल तिकडेच. पण पद्धत बघण्यासारखी आहे. आपल्याकडे झपाटलेल्याला बडवतात. त्यावर महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. इथे भुताला मारायचं तर नाहीच, त्याच्यावर आवाजही चढवायचा नाही. कारण तो रुग्ण आहे आणि कधीकाळी आपणच त्याला दुखावलं असण्याचा संभव आहे.

शिवाय भूत उलट बोलतं. बाई हसून सांगत होत्या, समजावणाऱ्यालाच एकदा एकाने खडसावलं : तू मला क्षमा शिकवतोस? काल घरी मुलाशी कसा वागलास ते आम्ही बघत होतो. तो गृहस्थ महिनाभर टेबलाशी बसला नाही. आधी मुलाशी बोलला, मग आला. इथला अधिकार पदाचा नाही, वागण्याचा. आणि परीक्षक अदृश्य असल्यामुळे कॉपी करता येत नाही.

उबेराबाचा कारकून

हा पंथ ब्राझीलमध्ये घरोघर पोहोचला त्याचं श्रेय एका माणसाकडे जातं. शिको शाव्हियेर, १९१० ते २००२. मिनास जेराइस प्रांतातल्या पेद्रो लेओपोल्दोचा गरीब घरातला मुलगा, शिक्षण प्राथमिक, पुढे कृषी खात्याच्या फार्मवर कारकून. डोळे अधू, काळा चष्मा. डाव्या हाताने कपाळ धरून उजव्याने सपासप लिहायचा. चारशेहून अधिक पुस्तकं त्याच्या नावावर, की त्याच्या हातावर. लेखक आत्मे, मानधन दानाला. १९४४ मध्ये एका दिवंगत साहित्यिकाच्या पत्नीने दावा लावला, की माझ्या नवऱ्याचं नवं लेखन असेल तर मानधन माझं. मरणानंतरच्या लेखनावर हक्क सांगता येत नाही, म्हणून दावा टिकला नाही. त्यानंतर तो साहित्यिक आत्मा ‘इर्मांव एक्स’ या टोपणनावाने लिहू लागला. कोर्टकचेरीचा ताप परलोकातही चुकत नाही.

शिको १९५९ पासून उबेराबाला राहिले. या गावात शिरताना आपल्याकडच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. जिकडेतिकडे गीर गाई-बैलांची चित्रं, पुतळे. भारतातून नेलेल्या गुरांच्या पैदाशीचं हे ब्राझीलमधलं मुख्य केंद्र. वशिंड, लोंबते कान, सगळं ओळखीचं. भाषा तेवढी परकी. त्याच गावात शिकोंचं घर आता संग्रहालय आहे. मुलगा गेलेल्या आया इथे रात्र रात्र रांगेत थांबत. शिकोंच्या हातून मुलाचं पत्र आलं तर आजोबांचं नाव, घरातलं लाडकं नाव त्यात असे. टीकाकार म्हणतात, रांगेतल्या गप्पांतून ही माहिती आत पोहोचत असणार. आयांना त्या वादाशी देणंघेणं नव्हतं.

त्या पत्रांत मुलगा सांगतो, मी आजीपाशी आहे, उपचार चालू आहेत, शिकतो आहे, रडू नकोस, तू रडलीस की मला इथे त्रास होतो. शिकोंच्या १९४४ च्या ‘नोस्सो लार’ या पुस्तकात हा परलोक तपशिलाने रंगवला आहे. नावाचा अर्थ आपलं घर. आंद्रे लुइस नावाचा डॉक्टर मरतो, आठ वर्षं ‘उंब्राल’ या अंधाऱ्या चिखलात पडून राहतो आणि मग या नगरात पोहोचतो. तिथे सहा मंत्रालयं आहेत, इस्पितळं आहेत, हवेतून जाणारी बस आहे. चलन आहे कामाचा तास. डॉक्टरची पदवी तिथे चालत नाही, त्याला झाडलोट करून, रुग्णांची सेवा करून सुरुवात करावी लागते. सरकारी खात्यात हयात काढलेल्या माणसाच्या हातून आलेला हा परलोक. त्यात इतकी खाती आहेत याचं मला नवल वाटलं नाही.

शिडी धरून कोण उभं आहे

पण शिडी म्हटली की वरचे आणि खालचे आले. या पंथात मला खटकलं ते इथे. दुःख म्हणजे मागच्या जन्मीचं देणं, असं एकदा धरलं की अपंग बाळाच्या आईला ‘काहीतरी फेडायचं असेल’ असं सांगणं सोपं होतं. पूर्वसंचिताच्या नावाखाली हे आपणही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं आहे, जातीच्या उतरंडीसकट. बाईंनी यावर मान हलवली. फेड ज्याची त्याने ओळखायची, दुसऱ्याची मोजायला बसलात तर तुमचाच वर्ग रखडला, हे त्यांचं उत्तर. सिद्धान्त म्हणून ठीक. बोलणारी तोंडं मात्र सगळीकडे सारखीच.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. कार्देक आपल्या काळाचे फ्रेंच गृहस्थ होते. आत्म्यांप्रमाणे मानववंशांनाही त्यांनी मागासलेले-पुढारलेले असं मांडलं, आणि आफ्रिकी माणसाबद्दल आज वाचवत नाही असं लिहिलं. ब्राझीलमधल्या काही आवृत्त्यांत आता त्या मजकुराला खुलाशाची टीप जोडलेली असते.

त्याचा परिणाम टेबलाभोवतीही झाला. शुभ्र चादरीच्या टेबलाशी डॉक्टर, वकील, कवी यांचे आत्मे येत, त्यांचं स्वागत होई. जंगलातले आदिवासी, मळ्यांवर राबलेले म्हातारे गुलाम आले की त्यांना मागासलेले म्हणून वाटेला लावत. परंपरा सांगते, की १५ नोव्हेंबर १९०८ रोजी रिओजवळच्या नितेरॉयमध्ये झेलिओ द मोराइस या तरुणाच्या तोंडून एक आदिवासी आत्मा बोलला : इथे आम्हाला जागा नसेल तर उद्यापासून या पोराच्या घरी आमची बैठक. तिथून उंबांडा हा वेगळा धर्म निघाला, ढोल, पाइप, वनौषधी आणि म्हाताऱ्या काळ्या आजोबांचा सल्ला घेऊन. इतिहासकार ही कथा जशीच्या तशी मानत नाहीत. लोक मानतात.

निघताना बाईंना विचारलं, ते गुलाम आजोबा तुमच्या टेबलाशी अजूनही येत नाहीत का?

‘‘येतात की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण इथे आले की पाइप ओढत नाहीत, आणि पोर्तुगीज अगदी व्याकरणशुद्ध बोलतात.’’